सायकलला फक्त नाडी दिसते

घामाचा एक थेंब स्टूरेच्या कानाच्या पाळीवर येऊन थांबला होता. बराच वेळ तो तिथेच थरथरत राहिला, मग खांद्यावर पडला आणि लगेच त्या जागी दुसरा जमू लागला. माइवोरने हातातल्या घड्याळाकडे पाहिले. स्टूरेच्या छातीला बांधलेल्या पट्ट्याकडून आकडा येत होता: एकशे बारा.

तिने वाकून पट्टा चाचपला. तो घट्ट होता, नीट ओला केलेला होता. टेबलावरचे तालयंत्र टकटक करत होते आणि स्टूरे व्यायामाच्या सायकलवर ठोक्याला ठोका पाय मारत होता. चाकावरचा ताण जेवढा हवा तेवढाच होता, काटा खुणेवर उभा होता.

"कसं वाटतंय?" तिने विचारले.

समोरच्या भिंतीवर सहापासून वीसपर्यंत आकड्यांचा तक्ता होता. सहाशेजारी लिहिले होते "काहीच नाही" आणि विसाशेजारी "आता बास". आपल्याला जेवढे जड जाते आहे तेवढा आकडा सांगायचा. माणूस खरे बोलत असेल, तर त्याच्या आकड्यापुढे शून्य मांडले की साधारण त्याची नाडी निघते. इतक्या वर्षांत माइवोरला त्याचे नवल वाटायचे थांबले नव्हते.

"अकरा," स्टूरे म्हणाला.

"अकरा म्हणजे हलकं."

"हलकंच," तो म्हणाला, आणि एक श्वास घेऊन मग, "आहे."

त्याच्या गळ्यावरची शीर दोरीसारखी उभी होती. चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. माइवोरने कागदावर अकरा लिहिले.

सायकलवर बसण्याआधी तिने त्याचे वजन केले होते. मागच्या मार्चपेक्षा सहा किलो जास्त भरले.

"सहा किलो, स्टूरे!"

"अगं, मूस हरणाचं मांस आहे ते. एवढं मोठं जनावर पाडलं, फ्रीजर रिकामा करायला नको?"

"मग फ्रीजरचं वजन केलं मी."

"फ्रीजर पळत नाही. मी पळतो," असे म्हणून त्याने ओठाखालची तंबाखू काढून कागदात गुंडाळली होती आणि शाळेतल्या मुलासारखी तिच्यापुढे धरली होती. चाचणीआधी तंबाखू चालत नाही, हे त्याला पाठ होते.

गावात पगारी अग्निशामक एकही नव्हता. गिरणीवरचे, शाळेतले, पेट्रोल पंपावरचे लोक कमरेला पेजर लावून हिंडत आणि तो वाजला की हातातले टाकून बंबाकडे धावत. त्यांच्यातले पाच जण पाठीवर हवेचा सिलेंडर घेऊन धुरात शिरणारे होते. त्या पाचांनी दर वर्षी गावची परिचारिका असलेल्या माइवोरच्या सायकलवर बसायचे आणि तिने "योग्य" म्हणून सही करायची. पाचाचे चार झाले तर स्टेशन बंद, असे नगरपालिकेने सांगून ठेवले होते. मग बंब पुढच्या गावाहून यायचा, अर्ध्या-पाऊण तासाने.

वेळ संपली. माइवोरने ताण सैल केला. स्टूरे हँडलवर ओणवा होऊन तसाच बसला. घड्याळावर विश्वास बसेना म्हणून तिने त्याचे मनगट हातात घेतले. नाडी तीच होती, संथ आणि भक्कम. पण एवढा घाम आलेल्या माणसाचा हात थंडगार होता. बोटांची टोके तर जवळजवळ पांढरी.

हा थंडपणा तिच्या ओळखीचा होता. दोन हिवाळे तो नवऱ्याच्या हातांतून तिच्या शेजारी झोपत होता.

तिने मनगट सोडले.

"मग? पास ना?" स्टूरेने टॉवेलमधून विचारले.

"तक्ता बघून सांगते."

"नेहमी तर लगेच सांगतेस."

"या वेळी नंतर सांगते."

तो गेल्यावर तिने तक्ता पाहिला. ओढलेला भार, नाडी, वय आणि मग वजनाने भागले की माणसाचा दम किती ते निघे. सहा किलो वाढूनही स्टूरेचा आकडा मागच्या वर्षीपेक्षा वर गेला होता. कागदावर तो त्रेपन्न वर्षांचा गिरणीवाला नव्हता; स्की-शर्यतीत उतरणारा एखादा पंचविशीतला गडी होता.

*

एवर्ट ओट्याशी उभा राहून पाल्टच्या गोळ्यांसाठी बटाटे किसत होता. भोपळ्याएवढ्या पातेल्यात पाणी उकळत होते. माइवोरचा नवरा आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झाला होता, आणि हृदयाचे ठोके चुकू लागल्यापासून रोज सकाळी एक गोळी घेऊन, आणि तिने हात गार पडतात म्हणून लोकरी हातमोजे घालून घरात वावरत होता. किसताना तेवढे मोजे काढी.

"स्टूरेचं काय झालं?" त्याने विचारले. तिने अजून कोटही काढला नव्हता.

"सकाळी आला होता ना तो इकडे?"

"आला होता की. कॉफीला."

"कॉफीनं नाडी वाढते, एवर्ट. कमी नाही होत."

किसणीचा आवाज थोडा वेळ चालू राहिला आणि मग थांबला.

"तू त्याला तुझी गोळी दिलीस?"

एवर्टने तोंडाने बारीकसा श्वास आत ओढला. त्या मुलखात "हो" म्हणायला तेवढे पुरते. दुकानात पुरते, चर्चमध्ये पुरते. छत्तीस वर्षांपूर्वी नदीच्या बर्फावर त्याने विचारले होते तेव्हा माइवोरनेही असाच होकार दिला होता.

ती खुर्चीवर बसली. कोट अंगावर तसाच होता.

"तूच सांगितलं होतंस," तो म्हणाला. "इथेच, या टेबलावर. सायकलला फक्त नाडी दिसते म्हणून."

सांगितले होते. गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. स्टूरे आणि आणखी दोघे-तिघे बसले होते, आणि एवर्ट गमतीने म्हणाला होता, माझीही चाचणी घे. "तुझी नाही घेणार," ती म्हणाली होती. "या गोळीवर नाडी चढतच नाही. माझी सायकल तुला थेट ऑलिंपिकला पाठवील." सगळे हसले होते. स्टूरेने दालचिनीचा दुसरा बन घेता घेता पुन्हा विचारले होते, म्हणजे सायकलला कळतच नाही? मग तिने त्याला नीट समजावून सांगितले होते. काम वाढते तशी नाडी सरळ रेषेत वाढते, म्हणून त्या रेषेचा खालचा तुकडा मोजला की वरचे टोक सांगता येते. सहा ते वीसचा तक्ताही समजावला होता. मन लावून ऐकणारा माणूस समोर आहे, याचा तिला आनंद झाला होता.

"हृदयाचं औषध आहे ते," ती म्हणाली. "दुसऱ्याला द्यायला गोळ्या-चॉकलेट आहेत का?"

"वर्षातून एकदा एक. त्याला काही झालं नाही ना?"

"वर्षातून एकदा?"

एवर्ट वळून पाण्याकडे बघू लागला.

"म्हणजे मागच्या वर्षीही."

त्याने पातेल्याखालची आच कमी केली.

"स्टेशन बंद झालं की आपली अनेली उमेओला शहरात जाईल," तो म्हणाला. "तिकडची नोकरी तिला कधीचीच मिळतेय. इथं स्टेशन आहे तोवर थांबते म्हणालीय, तुझ्यासमोरच म्हणालीय. ती गेली की तिची छोटीही गेली. मग काय, तू, मी आणि हे बटाटे."

"अनेली त्याच्याबरोबर आत धुरात जाते, एवर्ट."

"आत जायची वेळ किती वेळा येते? शेवटचं कधी कोण गेलं होतं आत? चिमणीतली काजळी आणि गवताच्या आगी. आपल्याकडे असतं काय दुसरं?"

"मी दोघांचंही वजन करते," माइवोर म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तो सत्त्याण्णव. वर सिलेंडर, बूट, कोट. ती एकसष्ट. आत तो पडला तर त्याला बाहेर कोण ओढणार आहे?"

"पडेल कशाला?"

"कोण पडेल ते आधी कळावं म्हणून ती सायकल आहे."

एवर्टने बटाट्याच्या पिठात खारवलेले मांस भरून गोळा वळला. तो त्याच्या हातात वेडावाकडा झाला. त्याने तो मोडला आणि पुन्हा वळायला घेतला. माइवोरने कोट काढून खुंटीला लावला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. ताट तिने नंतर स्वतःच वाढून घेतले.

*

स्टेशनप्रमुख रोलंडचा फोन शुक्रवारी आला.

"स्टूरेचा कागद राहिलाय बघ तेवढा. बाकी चौघांचे मिळाले."

"तक्ता पुन्हा बघतेय."

"तक्त्यात काय नवीन येतं? तोच आहे ना, वीस वर्षांचा?"

"तोच आहे."

"मग?"

"सांगते," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी त्याने पुन्हा विचारले. तिने पुन्हा तेच सांगितले. एवर्ट त्या दोन दिवसांत फार मदतीला येऊ लागला होता. त्याने दारासमोरचा बर्फ काढला, तिच्या गाडीवरचा काढला, शेजाऱ्यांच्या गाडीवरचाही काढला. तिच्या कॉफीचा कप भरून ठेवायचा आणि ती आली की उठून बाहेर जायचा.

दुपारी ती आपल्या तपासणीच्या खोलीत गेली. सुट्टीचा दिवस होता, इमारतीत कोणी नव्हते. तिने पट्टा स्वतःच्या छातीला बांधला, तालयंत्र लावले आणि सायकलवर बसली. नाडी हळूहळू चढली आणि एका जागी येऊन स्थिर झाली. कसे वाटते आहे ते तिने मनातल्या मनात सांगितले: तेरा. घड्याळात एकशे एकतीस होते.

शिकत असताना तिने पहिल्यांदा ही चाचणी पाहिली तेव्हा तिला वाटले होते, विज्ञानात इतकी सभ्य गोष्ट दुसरी नसेल. माणसाला उलटी होईपर्यंत पळवायचे नाही, जमिनीवर पाडायचे नाही. थोडे चालवायचे, नाडी ऐकायची, कसे वाटते ते विचारायचे आणि बाकीचे हिशेबाने काढायचे. जिल्ह्याच्या रुग्णालयात ट्रेडमिल, म्हणजे पळायचा पट्टा, आला तेव्हा लोकांना तिकडे पाठवायला तिने नकार दिला होता. आपल्या माणसांना एवढे दमवायची गरज नाही, असे तिने लेखी कळवले होते. आपल्या माणसांना, हाच शब्द तिने वापरला होता.

मागच्या मार्चमध्ये स्टूरेचा आकडा चांगला आला तेव्हा तिने तो स्टेशनवर जाऊन सगळ्यांसमोर सांगितला होता. बदामाचा केक करून नेला होता. पन्नाशीनंतरही माणूस सुधारू शकतो, बघा जरा, असे ती म्हणाली होती आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

ती पाय मारत राहिली. तालयंत्राची चावी संपली तरी तिच्या लक्षात आले नाही.

*

रविवारी जेवायला अनेली आली. बालवाडीतल्या पोरांच्या गोष्टी सांगत तिने स्कीचे बूट काढले, मोजे शेगडीवर वाळत टाकले. तिची छोटी एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. गुरुवारचे उरलेले पाल्ट एवर्टने लोण्यात परतले होते.

"पप्पा, लोणी किती हे! मम्मा मला पुढच्या वर्षी वजनकाट्यावरून उतरूच देणार नाही."

कोणी हसले नाही. अनेलीने एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिले.

"काय झालंय?"

माइवोरने काटा खाली ठेवला. तीन दिवस ती या मुलीची वाट पाहत होती. घरात आपल्या बाजूचे कोणीतरी येईल, असे तिला वाटत होते, आणि तसे वाटत होते हे तिला आता, बोलायला तोंड उघडताना कळले.

"स्टूरेच्या चाचणीबद्दल तुला काही सांगायचंय," ती म्हणाली. "तो तुझ्याबरोबर आत जातो, म्हणून तुला आधी. त्याची नाडी..."

"मम्मा," अनेली म्हणाली. "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"गोळीचं."

एवर्ट उठला आणि उगाचच कॉफीची किटली हलवून पाहू लागला.

"दर बुधवारी सरावाला आम्ही पाइप खांद्यावर घेऊन स्कीच्या टेकडीवर चढतो ना," अनेली सांगू लागली. "मी वर जाते, थर्मास उघडते, कॉफी पिते, तेव्हा कुठे स्टूरे दिसायला लागतो. मध्ये दोनदा बसतो. ते कोणाला दिसत नाही? म्हणून आम्ही ठरवून टाकलंय. खरंच काही पेटलं तर मी पुढे जायचं. तो दाराशी राहील, मागून पाइप पुढे देत राहील. आत येणारच नाही तो. मग बिघडतं कुठं?"

"पुढे तू एकटी."

"दाराशी तो असेलच की."

"जोडीनं जायचं असतं. का जायचं असतं ते तुला मी सांगू?"

"ते पुस्तकात गं. इथं आम्ही पाचच जण आहोत."

"आम्ही ठरवलं म्हणजे कोणी?"

अनेलीने पाल्टचा तुकडा लिंगोन फळांच्या मुरंब्यात बुडवला आणि तसाच ठेवला. "सगळ्यांनी."

"रोलंडनंसुद्धा?"

"रोलंडला माहीत असतं आणि नसतंही. तुला माहितीय तो कसा आहे."

बाहेर छपरावरचा बर्फ घसरून धप्पकन खाली पडला. मार्चचे ऊन आता दुपारी चांगलेच लागत होते.

"आणि मला?" माइवोर म्हणाली.

"तुला कसं सांगणार? तुला सांगितलं असतं तर तुला ते लिहावं लागलं असतं. तू आहेसच तशी. पप्पा म्हणाले, तिला यात नको ओढायला. आम्हालाही ते पटलं. तुला वाचवलं आम्ही, मम्मा."

"केक आणला होता मी."

"छान झाला होता केक."

"हसलात नंतर?"

"नाही गं!" अनेलीचा चेहरा पहिल्यांदा पडला. "कोणीच नाही हसलं. तू टाळ्या वाजवायला सांगितल्यास, आम्ही वाजवल्या. स्टूरेला तर घास गिळवत नव्हता. तू गेल्यावर कोणी काही बोललंच नाही. भांडी धुतली आणि घरी गेलो."

माइवोरला त्या संध्याकाळचे स्टेशन आठवले. बंबाच्या लाल दाराशी उभी असलेली तिच्या परिचयाची माणसे. त्यांतल्या निम्म्यांना तिने शाळेत लशी टोचल्या होत्या. ती त्यांना फुफ्फुसांविषयी सांगत होती आणि ती सगळी तिच्याकडे प्रेमाने बघत होती. ते प्रेम खरेच होते. तिला त्याचेच सगळ्यात जास्त लागले.

"आणखी कोणी घेतली?" तिने विचारले.

"काय?"

"गोळी. स्टूरेशिवाय आणखी कोणी?"

अनेलीने वडिलांकडे पाहिले. एवर्ट लोण्याच्या भांड्यावर झाकण बसवत होता. झाकण बसले तरी तो ते दाबत राहिला.

"एवर्ट?"

"मी कोणाला विचारत बसत नाही," तो म्हणाला. "डबी खिडकीत असते. येणारे-जाणारे कॉफीला येतात."

"आणि तू?" माइवोरने मुलीला विचारले.

"मी? मम्मा, काय बोलतेस! मला कशाला लागेल?"

उत्तर लगेच आले होते. दुखावल्यासारखे आले होते. माइवोरने ते ऐकले. सशक्त, तिशीतली, टेकडीवर सगळ्यांच्या आधी पोचणारी मुलगी. हिला खरेच कशाला लागेल? आणि तरीही ते उत्तर कुठेतरी नेऊन तपासून पाहावे, असे आपल्याला वाटते आहे, हे तिच्या ध्यानात आले. ती मुलीच्या गळ्याकडे बघत होती, जिथे नाडी दिसते तिथे. तिने नजर काढून घेतली.

"चिडू नकोस ना," अनेली म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. "या वर्षी सही कर. पुढच्या वर्षी स्टूरे आपण होऊन सोडेल, मी बोलते त्याच्याशी. गिरणीवरचा एक जण तयार आहे, तो शिकेल तोवर. एकच वर्ष. मलाही जायचं नाहीये गं उमेओला. छोटीला इथली शाळा आवडते. तुम्ही आवडता."

एवर्ट ओट्याशी पाठमोरा उभा होता. त्याचे खांदे ताठ झाले होते. तो ऐकत होता.

माइवोर उठली. तिने आपले ताट उचलून ओट्यावर ठेवले, नळाखाली हात धुतले आणि पुसले. मग भिंतीवरचा फोन काढला आणि रोलंडचा घरचा नंबर फिरवला. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मम्मा, थांब."

पलीकडे घंटा वाजत होती. फोनच्या शेजारी खिडकी होती. खिडकीत जिरेनियमच्या कुंडीला टेकून एवर्टची डबी होती, रोज असते तशी.

"रोलंड, मी माइवोर."

"देवा, अखेर! स्टूरेचं सांगतेयस ना? मला उद्या सकाळी नगरपालिकेला पाठवायचंय सगळं."

"पाठवू नकोस. स्टूरेला मी योग्य ठरवत नाही."

पलीकडे चालू असलेला टीव्ही कोणीतरी बंद केला. मग रोलंड म्हणाला, "बरं. बरं, म्हणजे... हे बघ, त्याला पुन्हा एकदा सायकलवर बसवू. त्या दिवशी त्याचं काहीतरी..."

"माझ्या सायकलवर आता कोणालाच मोजता येणार नाही. का ते तुला माहीत आहे. कोणाचा आकडा खरा आणि कोणाचा नाही, हे मी सांगू शकत नाही. म्हणून मागच्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या माझ्या सगळ्या सह्या मी मागे घेते. रुग्णालयात पट्ट्यावर पळून जो पास होईल तो होईल. तोवर या गावातून कोणीही धुरात जायचं नाही."

"सगळ्या? अगं, पट्ट्यासाठी उन्हाळ्यापर्यंत नंबर लागत नाही. तोवर स्टेशन राहील का?" रोलंडचा आवाज खाली आला. "सगळ्या म्हणजे... अनेलीसुद्धा?"

अनेली टेबलाच्या कडेला हात टेकून उभी होती. लहानपणी ताप मोजताना उभी राहायची तशी, अगदी स्थिर, आईकडे बघत.

"अनेलीसुद्धा," माइवोर म्हणाली.